चिखलाचं वेळापत्रक

शिवडीला फ्लेमिंगो बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी रविवार बघून निघालो होतो, पंचांग बघून नव्हे. चूक तिथंच झाली. धक्क्यावर पोचलो तर समोर नजर जाईल तिथपर्यंत चिखल, आणि लांब, पार पाण्याच्या कडेला, एक फिकट गुलाबी रेघ. दुर्बिणीतूनही तिच्यातले पाय कुठले आणि माना कुठल्या ते कळेना. शेजारी जाळं सांधत बसलेल्या एका काकांनी न विचारताच सांगितलं, "आता काय दिसनार? पानी चढू दे. तेच ढकलीत आनील त्यांना."

तीन तास बसलो. पाणी चढत गेलं, तशी ती रेघ जवळ आली, जाड झाली, मग तिचे वेगवेगळे पक्षी झाले. शेवटी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर हजारो फ्लेमिंगो माना खाली घालून चिखल चाळत होते. त्यांच्या पायांत इतके बारके तपकिरी पक्षी धावत होते की चिखलच हलतोय असं वाटावं. बाकीच्या लोकांनी गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढले. मीही काढले. त्या तपकिरी गर्दीकडे नीट बघायला मला पुढची काही वर्षं लागली.

हा लेख काकांच्या त्या दोन वाक्यांचा विस्तार आहे. खाडीकाठचा चिखल ही एक जागा आहे असं आपण धरून चालतो. पक्ष्यांच्या बाजूनं बघितलं तर ती एक वेळ आहे. दुकान कधी उघडतं आणि कधी बंद होतं यावर त्यांचं सगळं आयुष्य बेतलेलं असतं, आणि ते वेळापत्रक चंद्राच्या हातात असतं.

तिथीची पाऊणपट

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊणेक तासानं, नेमकं सांगायचं तर ५० मिनिटांच्या आसपास, पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक यासाठी एक तोंडी हिशेब वापरतात: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. पुनवेला आणि अवसेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मोबाइल नसताना पिढ्यान्‌पिढ्या होड्या त्यावर सुटल्या आहेत.

पाणी किती चढतं-उतरतं तेही रोज बदलतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणात भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर गेली की महापालिका इशारे देऊ लागते, ते हेच. अष्टमी-नवमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. त्याला कोकणात भांग म्हणतात.

यातून एक गंमत निघते. मुंबईत उधाणाची मोठी ओहोटी नेहमी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारासच येणार, आणि दुपारी-मध्यरात्री पाणी भरलेलं असणार. म्हणजे सगळ्यात जास्त चिखल उघडा पडतो तो साधारण चहाच्या वेळेला. दुसरी ओहोटी पहाटे, बऱ्याचदा काळोखात. पक्ष्यांना हे चालतं. चिखलातले बहुतेक पक्षी रात्रीही चरतात, कारण त्यातल्या अनेकांना खाणं शोधायला डोळे लागतच नाहीत. त्याकडे पुढे येतो.

तुरटी, काच आणि कुजक्या अंड्याचा वास

आधी चिखल. तो सगळीकडे होत नाही. गिरगाव किंवा अलिबागसारख्या उघड्या किनाऱ्यावर लाटा बारीक कण टिकू देत नाहीत, तिथे वाळू उरते. शिवडी जिच्या काठावर आहे ती ठाणे खाडी आतपर्यंत घुसलेली आहे, सुमारे २६ किलोमीटर, आणि वरच्या टोकाला अरुंद होत जाते. आत लाटांचा मारा नाही. नद्या-नाले गढूळ पाणी आणतात, समुद्र भरतीबरोबर आणखी गाळ आणतो. गोड्या पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की ते तासन्‌तास तरंगत राहतील. खारट पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि गोळे खाली बसतात. गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा जे होतं, साधारण तेच. तिथे तुरटी, इथे मीठ.

असा थरावर थर बसून जे तयार होतं ते अगदी सपाट दिसतं, पण त्याला उतार असतो, फार मंद. समजा भरती-ओहोटीतला फरक चार मीटर आहे आणि उतार पाचशे मीटरला एक मीटर. मग ओहोटीला दोन किलोमीटर रुंदीचा चिखल उघडा पडणार. म्हणून शिवडीला पाणी इतकं लांब जातं.

आता त्या चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये काय चाललंय ते बघा. ओहोटीला ऊन पडलं की चिखलावर सोनेरी-तपकिरी साय आल्यासारखी दिसते. ती साय म्हणजे डायटम, एकपेशीय शैवाल. प्रत्येकाला काचेच्या जातीच्या पदार्थाचं, सिलिकाचं, कवच असतं. पाणी ओसरलं की हे जीव चिखलातून सरकत वर येतात, उन्हात अन्न तयार करतात, आणि भरती परतायच्या आधी पुन्हा खाली सरकतात, म्हणजे वाहून जात नाहीत. सरकताना ते एक चिकट द्रव सोडतात, त्यानं चिखलाचे कण बांधले जातात. किनाऱ्याची धूप अडवायला आपण दगड टाकतो. इथे ते काम डोळ्यांना न दिसणारे जीव थुंकी लावून करत असतात.

थोडं खाली बोट खुपसलं तर चिखल काळा लागतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे प्राणवायू पोचत नाही. प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून या वासाचा वायू सुटतो. वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांना हे सांगायला मला आवडतं. त्या वासात सांडपाण्याचा वाटा आहेच, नाही म्हणणार नाही. पण निखळ, निरोगी खाडीलाही वास असतो. बिनवासाची खाडी म्हणजे मेलेली खाडी.

या काळ्या थरात राहायचं तर वरून हवा आणावी लागते. चिखलातले किडे, खेकडे, शिंपले हे सगळे बिळं करतात आणि त्यांतून पाणी खेळवतात. प्रत्येक बिळाभोवती प्राणवायूची पातळ भिंत तयार होते, तिच्यात आणखी जिवाणू वाढतात, त्यांना खायला आणखी बारके जीव येतात. शेतकऱ्यानं जमीन नांगरावी तसा हा चिखल सतत नांगरला जातो, फक्त आतून.

आणि मग निवट्या. मासा आहे, पण ओहोटीला पाण्याबरोबर जात नाही. चिखलावर पुढच्या परांच्या आधारानं सरपटतो, उड्या मारतो, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो. आपल्याकडची एक जात डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखल चाटत जाते. ती वर सांगितलेली साय खाते. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण होतं, म्हणजे सूर्यप्रकाश ते शैवाल ते मासा ते ताट असा चार पायऱ्यांचा प्रवास. जमिनीवर गवत खाणाऱ्या बकरीचं मटण खाल्लं तर साखळी इतकीच आखूड.

भरती आली की गिऱ्हाईक बदलतं. त्याच चिखलावर आता मासे चरायला येतात. बोय येते, कोळंबीची पिल्लं येतात, जिताड्याची पिल्लं येतात. उथळ आणि गढूळ पाण्यात मोठे शिकारी मासे फारसे शिरत नाहीत, खाणं भरपूर, म्हणून कित्येक जातींचं बालपण खाडीत जातं आणि मोठेपण समुद्रात. बाजारात येणाऱ्या मोठ्या कोळंबीनं बहुधा लहानपणी अशाच एखाद्या चिखलाचं मीठ खाल्लेलं असतं. रत्नागिरीच्या भाट्यापासून गोव्याच्या खाड्यांपर्यंत ओहोटीला वाकून तिसऱ्या नि खुबे काढणाऱ्या बायका दिसतात. त्याही याच वेळापत्रकावर चालतात: पाणी उतरलं की कामाला लागायचं, चढू लागलं की उठायचं. पक्ष्यांना जी शिस्त आहे तीच.

चोच बघा, जेवण कळेल

शिवडीच्या त्या तपकिरी गर्दीकडे आता येऊ. एकाच चिखलावर वीस-पंचवीस जातींचे पक्षी भांडणाविना कसे जेवतात? उत्तर चोचींच्या लांबीत आहे. गांडुळासारखे लांब किडे खोल असतात, शिंपले मधल्या थरात, कोळंबी-खेकड्यांच्या जातीचे बारके कवचधारी वर.

चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, एकदम थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा धावतो. किडा बिळातून तोंड बाहेर काढण्याची तो वाट बघत असतो. उलट काळ्या शेपटीचा गॉडविट गुडघाभर पाण्यात उभा राहून लांब सरळ चोच मुळापर्यंत खुपसतो आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी वर-खाली करतो. कर्ल्यूची चोच त्याहून लांब आणि खाली वाकलेली. खेकड्याच्या वाकड्या बिळात ती नीट शिरते. उचाट्याची चोच वर वळलेली, तो ती पातळ चिखलात विळ्यासारखी डावी-उजवीकडे फिरवतो.

खुपसणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला बारीक खळगे असतात आणि खळग्यांत दाब ओळखणाऱ्या पेशी. चोच म्हणजे बोटच. नॉट नावाच्या पक्ष्यावर नेदरलँड्समध्ये प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की तो ओल्या वाळूत पुरलेला शिंपला चोच त्याला न लागताही ओळखतो. चोच खुपसल्यावर कणांमधल्या पाण्यात दाब तयार होतो, वाटेत घट्ट वस्तू असेल तर तो दाब वेगळा लागतो. डोळे मिटून खिरीत बदाम शोधण्यापैकी हा प्रकार. काळोखात जेवता येतं ते यामुळे. शिवाय यातल्या बऱ्याच पक्ष्यांना चोच पूर्ण न उघडता फक्त टोक उघडता येतं, नाहीतर चिखलात रुतलेली चोच उघडणार कशी?

फ्लेमिंगोची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. मान खाली सोडून तो चोच उलटी धरतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते, आणि चोचीच्या कडांना असलेल्या जाळीत खाणं अडकतं. ठाणे खाडीत दोन जाती येतात. मोठ्या फ्लेमिंगोची जाळी जाडी, तो बारके कवचधारी, किडे वगैरे खातो. लहान फ्लेमिंगोची जाळी इतकी बारीक की तो सूक्ष्म शैवाल गाळून खातो. गुलाबी रंग त्या शैवालातूनच येतो, गाजरातला रंग ज्या घराण्याचा त्याच घराण्याच्या रंगद्रव्यांतून. संख्येनं लहान फ्लेमिंगो पुष्कळ जास्त असतात.

पाहुणे कुठून येतात

फ्लेमिंगो मुंबईत फार जुने नाहीत. मोठ्या संख्येनं ते शिवडीला दिसू लागले १९९०च्या दशकात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. प्रजननाची त्यांची मोठी ठिकाणं कच्छच्या रणात आहेत. मुंबईच्या बीएनएचएसनं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, २०२२ साली सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर जीपीएस यंत्रं लावली. त्यातल्या एकाचं नाव हुमायून, ते पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींवरून. खाडी सोडून पक्षी गुजरातेत गेल्याचं या यंत्रांतून दिसलं. म्हणजे हे तसे शेजारचेच पाहुणे.

तपकिरी गर्दीचं तसं नाही. स्टिंट नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे, वजन दहा रुपयांच्या तीन-चार नाण्यांइतकं. तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि ऑगस्टपासून आपल्या खाड्यांवर हजर होतो. छोटा चिखल्या लडाख-तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरच्या आसपास, घरटं करतो आणि हिवाळा काढायला समुद्रसपाटीच्या चिखलावर उतरतो. हिमालय त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा उंबरा. उत्तरेकडून मध्य आशियामार्गे भारतात उतरणाऱ्या या वाटांच्या जाळ्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, आणि त्यात तीस देश येतात.

असं उडायला काय लागतं याचं टोकाचं उदाहरण आपल्या नव्हे, पॅसिफिकच्या मार्गावरचं आहे. पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्कातून निघून न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जातो, वाटेत न उतरता. २०२२च्या ऑक्टोबरात जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून निघाला तो अकरा दिवसांनी थेट टास्मानियात टेकला. अंतर १३,५६० किलोमीटर, सबंध पाण्यावरून, एक घासही न खाता. निघण्यापूर्वी हे पक्षी इतकं खातात की वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग चरबीचा होतो. मग पोट, आतडी यांसारखे अवयव आकसून घेतात, कारण वाटेत त्यांचा उपयोग नाही आणि ओझं मात्र होतं. उतरल्यावर ते पुन्हा वाढवायचे आणि लगेच खायला लागायचं.

इथे चिखलाचा संबंध येतो. अशा पक्ष्याला अमुक दिवसांत तमुक वजन वाढवायचंच असतं. उशीर झाला तर उत्तरेत पोचेपर्यंत बर्फ वितळून किडे निघून गेलेले असतात आणि पिल्लांना खायला काही उरत नाही. वजन वाढवायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे चिखल उघडा असण्याचे तास.

वरचा पाव हिस्सा

ते तास मोजून बघू. पूर्ण भरतीची रेषा आणि पूर्ण ओहोटीची रेषा यांच्यामधल्या उंचीचे चार समान भाग करा. वरचा पाव भाग जिथे संपतो तिथला चिखल १२ तास २५ मिनिटांच्या एका फेऱ्यात साधारण आठ तास उघडा राहतो. बरोबर मधला, सहा तास. खालून पाव उंचीवरचा, फक्त चार तास. शिवाय पाणी सगळीकडे सारख्या वेगानं उतरत नाही. ओहोटीच्या सहा तासांत पहिल्या आणि शेवटच्या तासाला ते हळू सरकतं, मधल्या दोन तासांत झपाट्यानं उतरतं. भांगाच्या दिवसांत तर खालचा चिखल उघडाच पडत नाही.

म्हणजे पक्ष्याला सगळ्यात जास्त वेळ जेवू घालणारा पट्टा किनाऱ्याकडचा. अगदी वरची कड उन्हात सुकते, तिथे जीव कमी असतात, हे खरं. पण तिच्या खालचा भाग हा पहिला उघडणारा आणि शेवटी बुडणारा. थंडीत उपाशी स्टिंटला तो शेवटचा दीड तास महत्त्वाचा.

आणि माणूस भराव घालतो तो कुठून? किनाऱ्याकडून. तिथे पाणी उथळ, ट्रक पोचतो, डबर स्वस्तात टाकता येतं. एकूण चिखलाच्या दहा टक्केच जागा घेतली असं कागदावर दिसतं, पण ते दहा टक्के वरचे असतील तर गेलेले जेवणाचे तास त्याहून जास्त असतात. किनाऱ्यावरच्या प्रकल्पांच्या अहवालांत मी हेक्टर वाचले आहेत, तास कुठे वाचल्याचं आठवत नाही.

हे कुठवर जाऊ शकतं ते पिवळ्या समुद्राच्या काठानं पाहिलं. चीन आणि कोरियाच्या मधला हा समुद्र पूर्व आशिया-ऑस्ट्रेलिया मार्गावरच्या पक्ष्यांचा उत्तरेकडे जातानाचा मुख्य थांबा. उपग्रहांची छायाचित्रं आणि जुने नकाशे जुळवून अभ्यासकांनी दाखवलं की पन्नास वर्षांत तिथला सुमारे दोन तृतीयांश चिखल गेला. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे ३३ किलोमीटरची समुद्रभिंत २००६ मध्ये पुरी झाली आणि भरतीचं पाणी अडलं. ग्रेट नॉट हा पक्षी तिथे लाखाच्या हिशेबात उतरत असे. तो शेजारच्या खाड्यांत हलला असेल अशी काहींची आशा होती. शेजारच्या खाड्यांत तो वाढला नाही, पुढे ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी मुक्कामावरची संख्या मात्र घटली. शेजारची पंगत आधीच भरलेली होती. आता ग्रेट नॉट जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. नंतर वारं थोडं फिरलं: चीननं २०१८ मध्ये नव्या व्यापारी भरावांवर बंदी घातली, आणि पिवळ्या समुद्राच्या चिखलांचे काही पट्टे २०१९ आणि २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. चिखल, आणि जागतिक वारसा. ताजमहालाच्या यादीत. मला ही बातमी वाचून फार बरं वाटलं होतं.

भरतीत उभं कुठं राहायचं

चिखल राखला तरी अर्धंच काम होतं. पाणी चढल्यावर हे पक्षी जातात कुठे? बहुतेकांना फार वेळ पोहता येत नाही, झाडावर बसता येत नाही. त्यांना भरतीचे चार-पाच तास काढायला उघडी, उथळ पाण्याची, कुत्र्या-माणसांपासून लांबची जागा लागते, आणि ती जवळ लागते. लांब असेल तर खाल्लेलं उडण्यात खर्च होतं.

ठाणे खाडीभोवती अशा जागा आहेत: भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळची तळी, नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळी, उरणजवळचं पाणजे. नकाशावर त्या खाडीपासून सुट्या दिसतात. कुणाला वाटतं डबकं आहे, कुणाला भूखंड वाटतो. त्यांत भरतीचं पाणी एखाद्या नाल्यातून किंवा मोरीतून आत-बाहेर होतं. ती मोरी बुजली किंवा कुणी बुजवली की पाणी साचतं, गरम होतं, शेवाळाचा तवंग धरतो, नाहीतर तळं आटतं. दोन्ही परींनी पक्षी उठतात. इतक्या मोठ्या खाडीचं भवितव्य कधी कधी दोन फुटी पाइपावर टेकलेलं असतं.

कायद्यानं बघायचं तर खाडीचं बरं चाललंय. २०१५ मध्ये ठाणे खाडीतली सुमारे १,६९० हेक्टर जागा फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि जीवसृष्टीनं समृद्ध चिखल किनारपट्टीच्या नियमांत सर्वांत कडक गटात मोडतो. ऐरोलीहून सफरीच्या बोटी सुटतात. २०२४ पासून शिवडीच्या चिखलावरून २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही जातो, आणि त्याच्याखाली फ्लेमिंगो अजून चरतात.

पण अभयारण्याच्या नावात फ्लेमिंगो आहे, आणि इथे माझी थोडी तक्रार आहे. फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी सुधारली असं सरसकट म्हटलं जातं. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदानं शैवाल फोफावतं, आणि शैवाल हे लहान फ्लेमिंगोचं मुख्य अन्न. फ्लेमिंगो वाढण्यामागे हेही एक कारण असावं असं अनेक अभ्यासक मानतात. तेच सांडपाणी पाण्यातला प्राणवायू खातं, आणि मासे-शिंपल्यांना ते मानवत नाही. खाडीत पूर्वीइतकी मासळी राहिली नाही असं काठावरचे कोळी सांगतात. गुलाबी रंगाकडे बघून पाण्याला प्रमाणपत्र देता येत नाही. किडे-शिंपल्यांवर जगणाऱ्या तपकिरी पक्ष्यांची गणती जास्त बोलकी, पण त्यांना पोस्टरवर जागा नाही.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड, कारण ऐकणाऱ्याला ती उलटी वाटते. तिवरं (खारफुटी) चांगली असतात, त्यांना हात लावू नये, २००५ च्या पुरानंतर हे मुंबईकरांना पुरेसं पटलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण तिवरं चिखलावर वाढतात. ठाणे खाडीत गाळ साचून तळ वर येतोय, तशी तिवरं किनाऱ्याकडून खाडीच्या दिशेनं पुढे सरकली आहेत, म्हणजे पुन्हा तोच वरचा पट्टा. गॉडविटला झाडी चालत नाही. त्याला चारी बाजूंनी मोकळं दिसावं लागतं, नाहीतर ससाणा केव्हा आला ते कळणार नाही. त्यामुळे उजाड दिसणाऱ्या चिखलावर हौसेनं तिवरांची रोपं लावणं हा पक्ष्यांच्या ताटावर झाकण ठेवण्याचा प्रकार आहे. जिथे तिवरं तोडली गेली तिथे जरूर लावा. मोकळा चिखल मोकळाच राहू द्या. हिरवं नाही म्हणून ते ओसाड, हा आपल्या डोळ्यांचा दोष.

समुद्राची पातळी वाढतेय त्याचा हिशेबही याच उतारावर मांडायचा. पाणी वर आलं की चिखलाचा पट्टा जमिनीकडे सरकतो, मोकळी जागा असेल तर. मागे भिंत असेल तर सरकायला वाव नसतो आणि तास कमी होत जातात. उपग्रहांवरून जगातल्या भरती-ओहोटीच्या सपाट पट्ट्यांची मोजणी झाली, त्यात १९८४ ते २०१६ या काळात, जिथे पुरेशी माहिती होती तिथे, १६ टक्के क्षेत्र घटलेलं दिसलं. मुंबईत खाडीच्या मागे सलग मोकळी जागा कुठे आहे ते लोकलच्या खिडकीतून बघून घ्या.

शिवडीला किंवा भांडुपला जायचं असेल तर मात्र वेळ साधून जा. पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी पोचा. पक्षी पाण्यापुढे सरकत तुमच्याकडे येतात आणि ताट उचललं जाण्याआधी घाईघाईनं जेवत असतात. सकाळची गार वेळ हवी तर एकादशी बरी: अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वासहाला धक्क्यावर. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते त्या दिवशी तुमच्यासमोर हजारोंच्या संख्येनं चाललेलं असेल. फ्लेमिंगोंचे फोटो काढून झाले की दुर्बीण जरा खाली करा.